सगळं जागच्या जागी

९ जानेवारी

दिवसभर मी लोकांना फोनवर ताटकळत ठेवते आणि त्याचाच पगार घेते. आज दुपारच्या सुट्टीत मी स्वतः ताटकळले. गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात इतकी वर्षं काढल्यावर पलीकडची बाई काय करत असेल ते मला ऐकूनच कळतं. आता ती चहा पितेय, आता शेजारणीला खुणेने विचारतेय, ‘हिला काय सांगू?’ पण कळून करायचं काय? तीच ती धून कानात घेऊन जिन्यात उभी राहिले आणि डबा न उघडताच सुट्टी संपत आली.

शेवटी एकदाच्या त्या डोळ्यांच्या संशोधन केंद्रातल्या समन्वयक बाई फोनवर आल्या. आवाज गोड. म्हणाल्या, मुलीबद्दल सांगा. मी घडाघडा सांगितलं. अकरा वर्षांची आहे. जन्मापासून डोळ्याच्या पडद्याचा आजार. एक बिघडलेलं जनुक माझ्याकडून, एक तिच्या बाबांकडून. आम्ही नवरा-बायको एकमेकांना अनुरूप निघालो ते नेमके इथेच. उजेडात दिसतं, अंधारात कमी दिसतं, आणि वय वाढेल तसं आहे तेही कमी होत जाणार. आमच्या डॉक्टरांनी केव्हाच हात वर केले. या आजारावरचं नवं औषध मुलांवर तपासून बघतायत, त्याची ट्रायल चालू आहे, हे मी स्वतः शोधलंय. रोज संध्याकाळी संगणकापुढे बसून, न कळणाऱ्या शब्दांशी झटापट करून.

बाई म्हणाल्या, आमच्याकडे दोन ट्रायल आहेत. पहिली, ज्यांना वस्तूंचे आकार दिसतात, बघून वाट काढता येते अशा मुलांसाठी. तिला रांग आहे. दुसरी, ज्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो त्यांच्यासाठी. तिच्यात जागा आहेत, लगेच तपासणीला बोलावता येईल. मात्र एकीत नाव घातलं की दुसरीच्या यादीतून निघतं.

“तिला नेमकं किती दिसतं?”

“भरपूर,” मी म्हटलं. “घरभर धावते. स्वतःचं पाणी स्वतः घेते. माझ्या शर्टाचा रंग सांगते.”

“मग पहिली.”

पहिलीच. दुसरी आंधळ्या मुलांची आहे, तिथे आमचं काय काम? रांग तर रांग. फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्याबसल्या पहिल्याच गिऱ्हाइकाशी मी इतकी गोड बोलले की त्याला संशय आला.

१३ जानेवारी

आज सासूबाईंनी स्टूल हलवलं. केर काढताना बाजूला केलं आणि परत ठेवायला विसरल्या. मी घरात पाऊल टाकलं आणि धावत जाऊन आधी ते जागेवर ठेवलं. आमच्या घरात एकच कायदा आहे: सगळं जागच्या जागी. नवरा सुतार, त्यामुळे त्याने जेवणाच्या टेबलाचे पाय जमिनीला पक्के केलेत आणि खुर्च्यांसाठी फरशीवर लाकडी पट्ट्या ठोकल्यात. पाण्याचं पिंप दाराच्या उजवीकडे. चपला डाव्या कोपऱ्यात. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. लोकांची घरं दर दोन वर्षांनी बदलतात, आमचं घर पोरगी चालायला लागली त्या दिवशी थांबलंय.

“आई, किती वेळा सांगायचं तुम्हाला?” मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं.

“अगं, दिसेल की तिला. दिसतं ना तिला?” सासूबाई म्हणाल्या. टोमणा होता की खरंच विचारत होत्या, देव जाणे.

तेवढ्यात भिंगरी शाळेतून आलीच. तिला भिंगरी म्हणतात कारण एका जागी ठरत नाही. दप्तर टाकलं, वळली, सुसाट धावली, पिंपाशी थांबली, पेला भरला, एक थेंब सांडला नाही. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर उभी.

“माझा शर्ट कुठल्या रंगाचा?”

“निळा.”

सासूबाईंकडे मी असं पाहिलं की त्या मुकाट्याने केर भरायला गेल्या.

२ फेब्रुवारी

शाळेतून बोलावणं आलं. अर्ध्या दिवसाची रजा, म्हणजे सुपरवायझरची अर्ध्या तासाची कीर्तनं. वर्गशिक्षिका बरी आहे बिचारी, पण जरा जास्तच शहाणी. म्हणाली, “मोठ्या अक्षरांचं पुस्तक दिलं तरी ती वाचत नाही. शेजारची मुलगी आधी वाचते, मग ही तेच म्हणते. अगदी शब्दन् शब्द. पाठांतर जबरदस्त आहे तिचं.”

मी म्हटलं, “बाई, पाठांतर चांगलं असणं ही तक्रार झाली का?”

मग तिने ब्रेलचा विषय काढला. बोटांनी वाचायची लिपी. शाळेत शिकवायला माणूस येतो, आत्तापासून सुरुवात केली तर सोपं जाईल. मी ठाम नाही म्हटलं. एकदा बोटांनी वाचायची सवय लागली की पोरगी डोळे वापरणं सोडून देईल. शिवाय कागदोपत्री एकदा ‘ब्रेल’ लागलं आणि ट्रायलवाल्यांनी ते पाहिलं तर? रांगेतून बाहेर. एवढं मला कळतं.

येताना भिंगरीला विचारलं, “वाचत का नाहीस?”

“चष्मा विसरले होते.”

चष्मा तिच्या नाकावर होता. म्हणजे आज विसरली नव्हती, परवा वगैरे विसरली असेल. घरी हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, “शिकू दे की. काय बिघडलं?” याला काय जातंय म्हणायला! जेवताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. भिंगरी मात्र दोघांशीही बोलत होती, नेहमीपेक्षा जास्तच.

११ फेब्रुवारी

नवऱ्याला मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलंय. काम चांगलं, वर राहायला जागा. त्याने मला ते अशा सुरात सांगितलं की नकार देऊन आलाय हे लगेच कळलं. नवं घर म्हणजे सगळं पहिल्यापासून. भिंती शिकायच्या, उंबरे शिकायचे. मी भांडी घासत राहिले. माझ्या बहिणीने नवं घर घेतलं, तिथे आम्ही अजून गेलेलो नाही. भिंगरीला तिच्या मैत्रिणीने घरी बोलावलं तर म्हणते, “तिलाच इकडे बोलाव.” पूर्वी अशी नव्हती. अगदी माणूसघाणी होत चाललीय.

कधी कधी वाटतं, या चार भिंतींत आम्हालाच कुणीतरी पट्ट्या ठोकून बसवलंय. मग वाटतं, पहिल्या ट्रायलमध्ये नंबर लागू दे, मग मी स्वतःच्या हाताने त्या पट्ट्या उपटीन. दोन डोळ्यांपैकी आधी एकातच औषध घालतात म्हणे, पडद्याच्या खाली, बारीक सुईने. आणि सगळ्यांना एकदम नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्या मुलांना आत्ता, निम्म्यांना वर्षाने. बरं वाटेलच असंही नाही, हे बाईंनी मला तीन-तीनदा बजावलं. आम्हीही गिऱ्हाइकाला असंच बजावतो, म्हणजे पुढे आमच्यावर येत नाही.

१९ फेब्रुवारी

ऑफिसचा निळा शर्ट वाळला नव्हता म्हणून आज पिवळा घालून गेले. सुपरवायझरची बोलणी खाल्ली. संध्याकाळी भिंगरीला सवयीने विचारलं, तर म्हणाली, “निळा.” मग माझ्या गप्प बसण्यावरून असेल, लगेच म्हणाली, “म्हणजे… हिरवट?”

आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवा फारच मिणमिणता आहे. नवऱ्याला उद्या मोठा बल्ब आणायला सांगितलाय.

४ मार्च

समन्वयक बाईंचा फोन, तोही स्वतःहून. मी इतकी हरखले की लाइनवर असलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून जिन्यात पळाले. पण नंबर लागला नव्हता. दुसरी ट्रायल या महिन्याच्या शेवटी बंद होतेय, जागा अजून आहेत, म्हणून विचारतेय म्हणाल्या. “तिची शेवटची तपासणी जुनी आहे. मधे कमी झालं असू शकतं. एकदा नीट बघून घ्या.”

मी म्हटलं, “अहो, मी तिची आई आहे. रोज बघते.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगाल तसं.”

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, “पोरीला विचारलंस का?”

“अकरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, आई? तिला कळतं का त्यातलं?”

भिंगरी दारातच उभी होती. ही पोरगी अशी मांजरासारखी येते, पायही वाजत नाही. म्हणाली, “आई, ज्यांना दिसतं त्यांनाच घेतात ना पहिलीत?”

“हो. म्हणून डोळे वापर, आळस करू नकोस.”

“वापरते,” ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. हा माणूस लाकडाशी जेवढं बोलतो तेवढं माझ्याशी बोलला असता तर संसार सोन्याचा झाला असता.

२ एप्रिल

लागला! नंबर लागला! पुढच्या आठवड्यात पहिलीच्या तपासणीला बोलावलंय. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सुपरवायझरनेसुद्धा पाठीवर थाप मारली आणि मागितल्याशिवाय रजा दिली. सासूबाईंना मिठी मारली, त्या घाबरल्याच.

बाईंनी समजावून सांगितलं: एका खोलीत जमिनीवर बाण काढलेले असतात, वाटेत अडथळे असतात, कधी उजेड जास्त कधी कमी, मुलाने बाण बघत बघत शेवटच्या दारापर्यंत जायचं. म्हणजे परीक्षाच की! आणि परीक्षेची तयारी करून घेण्यात माझा हात कोण धरणार? नवऱ्याने अंगणात काळ्या चिकटपट्टीचे बाण काढले, मधे खोकी, पाट, बादली ठेवली. पहिल्यांदा भिंगरी बादलीवर धडकली, दुसऱ्यांदा खोक्यावर. मी म्हटलं, घाई करू नकोस. मग मी हात धरून एकदा वाट दाखवली. त्यानंतर एकही चूक नाही. एकही! पळतच गेली. मी टाळ्या वाजवल्या.

सहज विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, दुसरी बंद झाली. म्हटलं, आपल्याला काय त्याचं.

१० एप्रिल

काल तपासणी झाली. काल लिहिता आलं नाही. आजही लिहायचं नव्हतं, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

इमारत मोठी, सगळीकडे एकसारखी दारं. वाटेत भिंगरीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मला वाटलं, घाबरलीय. आम्हाला काचेच्या पलीकडे बसवलं. खोलीत पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर काळे बाण, मधे फोमचे ठोकळे, एक टांगलेला दांडा. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “आम्ही दर वेळी वाट बदलतो, म्हणजे कुणी पाठ करून येत नाही.” भिंगरीचा चेहरा मला काचेतून दिसत होता. ती हसली नाही.

“चल, बाळ, सुरू कर.”

ती उभी राहिली. मग तिने माझ्या दिशेने नाही, तर काचेच्या दुसऱ्याच टोकाकडे तोंड केलं आणि म्हणाली, “आई, उजवीकडे का?” तिथे मी नव्हते. तिथे भिंत होती.

नंतर ती चालायला लागली, झपाझप, अंगणातल्यासारखी, आणि ती अंगणातलीच वाट चालत होती. चार पावलं सरळ, मग डावीकडे, मग वळसा. तिथे डावीकडे ठोकळा होता. त्याच्यावरून ती पडली. उठली. परत तीच वाट. टांगलेला दांडा तिच्या कपाळावर बसला. मी काच बडवली. नवऱ्याने माझा हात धरून ठेवला.

मग अंधार करून तिच्या डोळ्यांपुढे दिवे लावले, बंद केले. दिवा लागला की ती सांगायची, विझला की सांगायची. बोटं किती, ते सांगता आलं नाही. हात हलतोय का, तेही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजेड आणि अंधार एवढंच राहिलंय, आणि हे आजकालचं नाही, बरेच महिने झाले असावेत.

मी ऐकेना. ती घाबरलीय म्हटलं, सकाळी नीट खाल्लं नाही म्हटलं, तुमचा दिवा खराब आहे म्हटलं. “मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय,” असंही म्हटलं. रोज माझ्या कानात ओरडणारी सगळी माणसं माझ्याच तोंडून बोलत होती. डॉक्टरीणबाई शांतपणे ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, त्यांना भिंगरीशी एकटीशी थोडं बोलायचंय. अकरा वर्षांच्या मुलाला विचारल्याशिवाय त्यांना ट्रायलमधलं काहीच करता येत नाही, तसा नियमच आहे. दार लागलं. बाहेर आली तेव्हा भिंगरी रडलेली नव्हती. दमलेली होती.

११ एप्रिल

समन्वयक बाईंना फोन केला. दुसऱ्या ट्रायलमध्ये घ्या म्हटलं. एक मूल, फक्त एक. त्या म्हणाल्या, ती बंद झालीय, औषध ठरलेल्या मुलांपुरतंच बनवलेलं असतं, आता कुणाच्याच हातात नाही. मी गयावया केली. हो, केली. मग त्या हळूच म्हणाल्या, “ताई, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं.”

गोड आवाजातच म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नवं काही निघालं तर कळवू, नाव नोंदवून ठेवते, म्हणाल्या. केव्हा निघेल ते कुणी सांगू शकत नाही. तोपर्यंत पडद्यात काही जिवंत उरेल का, तेही.

१२ एप्रिल

नवऱ्याला विचारलं, “तुला माहीत होतं?” एरवी मी त्याला अहो म्हणते. तो पायरीवर बसून रंधा पुसत होता.

“माहीत असं नाही. शंका होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू एवढी पळत होतीस,” तो म्हणाला. “तुला थांबवायचं कसं, ते कळेना.”

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. मग नुसतीच शेजारी बसले. त्याचाही चेहरा उतरला होता, महिनोन् महिने उतरलेला असणार, आणि मी तोही पाहिला नव्हता. मी, जी रोज बघते.

१५ एप्रिल

आज सुट्टी. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, नवरा कामावर. भिंगरी खाटेवर पाय हलवत बसली होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मग विचारलं, “केव्हापासून?”

तिने आव आणला नाही. “गेल्या वर्षी अक्षरं गेली. मग माणसं गेली. खिडकी आहे अजून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू फोनवर सांगत होतीस ना सगळ्यांना. दिसतं, दिसतं. ऑफिसात, शाळेत, त्या बाईंना.” तिने पाय हलवणं थांबवलं. “तू सांगत होतीस म्हटल्यावर मला दिसायलाच हवं होतं. नाही दिसलं तर नंबर गेला असता.”

“आणि शर्टाचा रंग?”

“तो तर रोज निळाच असतो, आई.”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा हुंदका आला की घडी घातलेला शर्ट तोंडात कोंबावा लागला. मी माझ्या पोरीला एवढ्याशा घरात कोंडून घातलं होतं आणि ती दिवसभर आत धावत होती, मला बरं वाटावं म्हणून. मी तिला म्हटलं, चुकलं माझं. तुझं काहीच चुकलं नाही, माझं चुकलं. तिने “हं” म्हटलं. मोठ्या माणसांसारखं ‘जाऊ दे’ म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

ती उठली, पाणी प्यायला निघाली, आणि दारात थांबली. पाठ माझ्याकडे.

“आई, आता घरात मला दिसत नाही, असं चालेल का?”

तिला एका शब्दाचं उत्तर हवं होतं. हो म्हटलं की ते खरं होणार होतं, ट्रायलवाल्यांसाठी नाही, आमच्यासाठी. ती वाट बघत तशीच उभी होती, परवानगी मिळेपर्यंत.

“चालेल,” मी म्हटलं.

तिने दोन्ही हात पुढे केले, आणि स्वतःच्या घरात पहिल्यांदाच, भिंत चाचपत, सावकाश, पाणी प्यायला गेली.